रिमोटवरचा रोबो अचानक गप्प झाला तर: इंदूरच्या नवशिक्यांसाठी क्रमवार तपासणी

माझ्याकडे बंद पडलेले रोबो येतात ते बहुधा अर्धवट उघडलेले. रोबो थांबला की घाबरून आधी तारा उपसल्या जातात, मग रिमोट नव्याने जोडून बघितला जातो, मग कुणीतरी लॅपटॉप काढून प्रोग्रॅमच बदलतं. मूळ दोष तसाच राहतो आणि त्यावर आणखी दोन-तीन दोष चढतात. कॉलेजच्या टेकफेस्टच्या आदल्या रात्री हे झालं की पोरं रडकुंडीला येतात. खरं तर कारण बहुतेक वेळा साधं असतं: उतरलेली बॅटरी, ढिली तार, तापलेला ड्रायव्हर (मोटरला वीज पुरवणारा बोर्ड). ते सापडत नाही, कारण शोधायला क्रम नसतो. तो क्रम इथे लिहितो आहे.

तुमच्याकडचा रोबो साधारण असा असेल असं मी धरतो: दोन किंवा चार जॉन्सन गियर मोटर, ३ सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी, २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट (आपल्याकडे बहुधा फ्लायस्काय एफएस-आय६), त्याचा रिसीव्हर, आणि मधे एकतर आर्डुइनो (प्रोग्रॅम चालवणारा छोटा बोर्ड) व मोटर ड्रायव्हर, नाहीतर थेट ईएससी (रिसीव्हरच्या सिग्नलवर मोटरचा वेग ठरवणारा बोर्ड). तुमचा रोबो ब्लूटूथवर फोनने चालत असला तरी क्रम हाच. फक्त रिमोटच्या जागी फोन आणि रिसीव्हरच्या जागी एचसी-०५ हा ब्लूटूथ बोर्ड समजा.

लागणारं सामान

- मल्टिमीटर. स्वस्तातला चालतो, पण तारेची सलगता तपासताना वाजणारा बझर असलेलाच घ्या. स्वस्त मॉडेल्सपैकी काहींना बझर नसतो, दुकानातच वाजवून बघा.
- लिपोच्या बॅलन्स प्लगला (प्रत्येक सेलच्या वेगळ्या तारांचा छोटा प्लग) लावायचा छोटा व्होल्टेज अलार्म
- रिमोटसाठी ४ नवे पेन्सिल सेल
- सोल्डरिंग गन, सोल्डर, हीट श्रिंक नळी
- ॲलन की आणि बारीक स्क्रू ड्रायव्हर
- कॅपेसिटर: १०४ नंबरचे सिरॅमिक (०.१ मायक्रोफॅरड), आणि एक-दोन ४७० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचे
- सुटे ब्लेड फ्यूज
- वही आणि पेन. हे मी गंभीरपणे सांगतो आहे, का ते पहिल्याच पायरीत येईल.

इलेक्ट्रॉनिक्सचं सामान महारानी रोडवर मिळतं. तिथे कॅपेसिटरला कंडेन्सर म्हणा, 'एक सौ चार का कंडेंसर' म्हटलं की पटकन हातात पडतो. स्क्रू, नट, ॲलन की सियागंजात. ब्लेड फ्यूज गाडीच्या सुट्या भागांच्या कुठल्याही दुकानात.

१. हात लावण्याआधी बघा आणि लिहा

रोबो एखाद्या विटेवर किंवा डब्यावर ठेवा, चाकं अधांतरी राहिली पाहिजेत. हत्यार असलेला रोबो असेल तर हत्याराचं पातं किंवा पट्टा आधी काढा. दुरुस्त होता होता रोबो अचानक जागा होतो आणि बोटं तेव्हाच सापडतात. यात सूट घेऊ नका.

मग सुरू करा: आधी रिमोट, नंतर रोबो. (बंद करताना उलट: आधी रोबो, मग रिमोट.) आता काय दिसतं ते वहीत लिहा.

- एकही दिवा लागत नाही: पायरी २ आणि ३.
- बोर्डावरचे दिवे लागतात, पण रिसीव्हरचा दिवा लुकलुकतो किंवा लागतच नाही: पायरी ४ आणि ५.
- रिसीव्हरचा दिवा स्थिर, पण मोटर हलत नाही: पायरी ६ आणि ७.
- एकच बाजू चालते: थेट पायरी ६.
- थोडा वेळ चालतो, जोर लावला की मरतो आणि पुन्हा जागा होतो: पायरी २, ५ आणि ८.

यापुढे एक नियम पाळा. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि बदलून फरक पडला नाही तर ती पूर्ववत करा. काय बदललं, काय झालं, हे लिहित चला.

२. बॅटरी: जोर लावलेला असताना मोजा

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. 'दादा, बॅटरी फुल आहे, मीटरवर १२ दाखवतंय' असं मला सांगितलं जातं. ते आकडे बॅटरी आरामात असतानाचे असतात.

लिपोचा एक सेल पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्ट असतो, नेहमीचा आकडा ३.७. म्हणजे ३ सेलची बॅटरी भरलेली १२.६ आणि नावाला ११.१. बॅलन्स प्लगला अलार्म लावा, तो प्रत्येक सेल वेगळा दाखवतो. तिन्ही सेल जवळपास सारखे हवेत. दोन सेल ४.१ आणि तिसरा ३.५ असेल तर एकूण बेरीज ठीक दिसते, पण रोबो त्या तिसऱ्या सेलच्या ताकदीवर चालतो. ही बॅटरी साध्या चार्जरने नाही, बॅलन्स चार्जरनेच चार्ज करून बघा. सेल पुन्हा मागे पडला तर ती बॅटरी स्पर्धेला नेऊ नका.

आता खरी परीक्षा. अलार्म तसाच लावून ठेवा, रोबो जमिनीवर भिंतीला टेकवा आणि एखाद-दोन सेकंद पूर्ण जोर द्या. त्या क्षणी आकडे किती खाली जातात ते बघा. सेल ३.३ च्या खाली कोसळत असेल तर बॅटरी एकतर उतरली आहे, जुनी झाली आहे, किंवा तुमच्या मोटरींना लागणारा करंट देण्याइतकी मोठी नाही. मोटर अडली की ती मोकळ्या फिरण्यापेक्षा कितीतरी पट करंट ओढते. व्होल्टेज कोसळतं, रिसीव्हर आणि आर्डुइनो क्षणभर बंद पडतात, मोटर थांबते, व्होल्टेज परत येतं, सगळं पुन्हा सुरू होतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, रिमोट गेला!

चार्जिंगचा करंट बॅटरीच्या क्षमतेइतका ठेवा: २२०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी असेल तर २.२ अँपिअर. घाईत जास्त नको, आणि चार्जिंगला लावून घराबाहेर जायचं नाही.

फुगलेली लिपो वापरायची नाही, टोचायची नाही, दाबून सपाट करायची नाही. आपल्या इंदूरच्या कचरागाडीत सहा प्रकारांचे वेगळे कप्पे असतात. ही बॅटरी ओल्या किंवा सुक्या कचऱ्यात टाकू नका. तिच्या कनेक्टरच्या तोंडावर टेप लावा, वेगळी द्या आणि बॅटरी आहे हे गाडीवरच्या माणसाला सांगा.

३. बॅटरीपासून बोर्डापर्यंतची वाट

बॅटरी ठीक आहे आणि तरी दिवा नाही, तर वीज वाटेत कुठेतरी अडली आहे. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या ऋण टोकाला धरून ठेवा आणि लाल पिन एकेक टप्पा पुढे न्या: कनेक्टर, फ्यूज, स्विच, ड्रायव्हरचा स्क्रू. ज्या टप्प्यावर १२ चे शून्य होतात, त्याच्या अलीकडचा भाग दोषी. सगळीकडे १२ मिळाले आणि तरी बोर्ड मेलेला असेल, तर ऋण बाजूची तार तुटलेली असू शकते. मग लाल पिन एका जागी धरून काळी पुढे न्या.

छोटे रॉकर स्विच लवकर खराब होतात. मोटर सुरू होताना ठिणगी पडते आणि आतला संपर्क जळतो. स्विच टक् वाजतो, पण वीज पुढे जात नाही, किंवा जाते पण जोर आला की गळते. फ्यूज उडाला असेल तर त्याच आकड्याचा लावा. फ्यूजच्या जागी तार गुंडाळलेला रोबो मी तपासायलाही घेत नाही.

४. रिमोट

ही पायरी लवकर उरकते.

एफएस-आय६ चालू करताना वरचे सगळे स्विच वर आणि थ्रॉटलची काठी खाली हवी. तसं नसेल तर पडद्यावर इशारा येतो आणि तो जाईपर्यंत रिमोट सिग्नल पाठवत नाही. घाईत पडदा न बघणाऱ्यांचा इथेच अर्धा तास जातो. चारही पेन्सिल सेल मिळून ४.२ व्होल्टच्या आसपास आले की रिमोट ओरडतो. रिचार्जेबल सेल प्रत्येकी १.२ चे असल्याने चार मिळून ४.८ च होतात, त्यामुळे इशारा लवकर येतो.

पडद्यावर मॉडेलचं नावही बघा. या रिमोटमध्ये २० मॉडेल साठवता येतात. लहान भावाने बटणं दाबून दुसरंच मॉडेल निवडलं असेल तर उलटसुलट चॅनल (प्रत्येक काठीचा वेगळा सिग्नल), वेगळं मिक्सिंग (दोन चॅनलची सांगड), सगळं बदलतं. आणि काठ्यांशेजारचे ट्रिम (काठीचा मधला बिंदू सरकवणारी बटणं) मधोमध आहेत ना? ईएससीवाला रोबो सुरू होताना मधला सिग्नल शोधतो. ट्रिम सरकलेला असेल तर तो नुसता पिंपिं करत राहतो, मोटर फिरवत नाही.

५. रिसीव्हर आणि त्याचे ५ व्होल्ट

रिसीव्हरला मिळणारं व्होल्टेज त्याच्या पिनांवर मोजा. साधारण ५ हवेत. एफएस-आयए६बी ४ ते ६.५ व्होल्टमध्ये नीट चालतो. शून्य आलं तर बहुधा प्लग उलटा लागला आहे. काळी किंवा तपकिरी तार ग्राउंडच्या खुणेकडेच हवी.

हे ५ व्होल्ट येतात कुठून, हा प्रश्न स्वतःला विचारा. एल२९८एन ड्रायव्हरवर ५ व्होल्टचा छोटा रेग्युलेटर असतो; त्यावर आर्डुइनो, रिसीव्हर आणि वर एखादा सर्वो (ठरावीक कोनात फिरणारी छोटी मोटर) टाकला तर तो तापून हार मानतो. आर्डुइनो ऊनोला थेट १२ व्होल्ट देऊन त्याच्या ५ व्होल्टवर सर्वो चालवला तरी तेच. माझा स्पष्ट सल्ला: वेगळा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करून देणारा बोर्ड) लावा, एलएम२५९६ चा छोटा बोर्ड पुरतो. पण तो नवा आणल्यावर जोडण्याआधी मीटर लावून स्क्रू फिरवत बरोबर ५ व्होल्टवर आणा. दुकानातून येतो तेव्हा तो कुठल्याही आकड्यावर असू शकतो, आणि १२ व्होल्ट लागले तर रिसीव्हर संपला. सेट झाल्यावर त्या स्क्रूवर ग्लूचा थेंब टाका, नाहीतर धक्क्यांनी तो हळूहळू सरकतो.

एक सोय लोक वापरत नाहीत. आय६ आणि आयए६बी या जोडीत रिसीव्हरचं व्होल्टेज रिमोटच्याच पडद्यावर दिसतं. रोबो भिंतीला रेटताना तो आकडा ५ वरून घसरू लागला तर शोध संपला, दोष या ५ व्होल्टच्या पुरवठ्यातच आहे. फक्त पडदा जरा उशिरा बदलतो, म्हणून क्षणभराची घसरण तिथे दिसेलच असं नाही. संशय असेल तर ४७० मायक्रोफॅरडचा कॅपेसिटर रिसीव्हरच्या एका मोकळ्या चॅनलच्या धन आणि ऋण पिनांना लावून बघा. ऋण पाय ऋणालाच; उलटा लावला तर तो फुटतो.

६. ड्रायव्हर आणि मोटर

एक बाजू मेली असेल तर ड्रायव्हरच्या आउटपुटवर डाव्या आणि उजव्या मोटरच्या तारांची अदलाबदल करा. दोष मोटरबरोबर सरकला तर मोटर किंवा तिची तार खराब. दोष जागेवरच राहिला तर ड्रायव्हरचा तो चॅनल, किंवा त्याला मिळणारा सिग्नल. एवढ्या एका चाचणीने निम्मा रोबो संशयातून सुटतो, म्हणून ती मला फार आवडते.

मोटरवर संशय आला तर तिची पत्री टोकं बघा. सोल्डर केलेली तार हलून हलून तिथेच तुटते, आणि हीट श्रिंकच्या आत तुटली तर दिसतही नाही. मोटर फिरते पण चाक नाही, असं असेल तर चाकाचा ग्रब स्क्रू (चाक आसावर घट्ट धरणारा बिनडोक्याचा स्क्रू) ढिला आहे. आपल्या मालव्याची काळी माती आणि गच्चीवरचे दोरे-केस आसाभोवती गुंडाळून चाक जाम करतात. मग मोटर अडते आणि ड्रायव्हर तापतो. चाक हाताने फिरवून दोन्ही बाजूंचा जोर सारखा लागतो का, बघा.

एल२९८एनवर ईएनए आणि ईएनबी अशा दोन जागा असतात. वेग नियंत्रित करायचा नसेल तर तिथे जंपर हवा. करायचा असेल तर जंपर काढून आर्डुइनोची तार हवी. दोन्ही नसेल तर ती बाजू हलणार नाही. बीटीएस७९६० मध्ये तसंच आर-ईएन आणि एल-ईएन या दोन्हींना ५ व्होल्ट लागतात.

चार जॉन्सन मोटरींसाठी एल२९८एन कमी पडतो, हे विकणारे सांगत नाहीत. त्याची सोय एका चॅनलला २ अँपिअरची, आणि वर तो स्वतःच दोन व्होल्ट किंवा जास्त खाऊन उष्णता करतो. तापला की आतलं संरक्षण त्याला बंद करतं, गार झाला की पुन्हा चालू. इंदुरात मे महिन्यात पारा ४० च्या वर असताना गच्चीवर सराव करणाऱ्यांना हा खेळ रोज दिसतो. चार मोटर असतील तर दर बाजूला एक बीटीएस७९६० घ्या.

७. आर्डुइनो: सिग्नल गेल्यावर तो काय करतो?

आधी बघा की रिसीव्हर, आर्डुइनो आणि ड्रायव्हर या तिघांचे ग्राउंड एकमेकांना जोडलेले आहेत. ती एक तार निसटली की बाकी सगळं बरोबर असूनही रोबो गप्प किंवा वेड्यासारखा वागतो.

मग मोटरची बॅटरी काढून आर्डुइनो यूएसबीने लॅपटॉपला लावा, रिसीव्हरला आर्डुइनोच्याच ५ व्होल्टवर ठेवा आणि चॅनलचे आकडे सीरियल मॉनिटरवर छापा. काठी एका टोकाला असताना साधारण १०००, मधे १५००, दुसऱ्या टोकाला २००० यायला हवेत. आकडे नीट बदलत असतील तर रिमोट, रिसीव्हर आणि मधली तार तिन्ही निर्दोष.

नवशिक्यांच्या प्रोग्रॅममध्ये दोन खड्डे नेहमी असतात. पहिला: पल्सइन ही आज्ञा सिग्नल मिळाला नाही तर ठरावीक मुदत दिलेली नसताना तब्बल १ सेकंद वाट बघत बसते. चार चॅनल वाचत असाल तर चार सेकंद रोबो बहिरा. मुदत म्हणून ३०,००० मायक्रोसेकंद द्या. रिसीव्हर दर २० मिलिसेकंदांनी पल्स पाठवतो, तेवढं पुरतं. दुसरा खड्डा जास्त धोक्याचा. सिग्नल नसला की पल्सइन शून्य देतं, आणि १००० ते २००० चं गणित शून्यावर लावलं की उत्तर येतं 'पूर्ण वेगाने उलटं'. म्हणून प्रोग्रॅममध्ये सगळ्यात आधी लिहा: आकडा ९०० पेक्षा कमी किंवा २१०० पेक्षा जास्त असेल तर मोटर थांबव.

ब्लूटूथवाल्यांसाठी एवढंच: एचसी-०५ च्या तारा आर्डुइनोच्या ० आणि १ पिनांवर असतील तर प्रोग्रॅम चढवताना त्या काढा, आणि चढवल्यावर परत लावा. न लावल्याने 'बंद पडलेले' रोबो भरपूर असतात.

८. चालता चालता मधेच मरणारा रोबो

घरी चालतो, मैदानात मरतो. बॅटरी आणि ५ व्होल्ट निर्दोष ठरले असतील तरच इथे या.

रिसीव्हरच्या अँटेनाचं शेवटचं उघडं टोक सुमारे ३ सेंटीमीटर असतं. खरा अँटेना तेवढाच. ते टोक कापलेलं, लोखंडी चॅसीला चिकटवलेलं किंवा बॅटरीखाली दाबलेलं नको. दोन अँटेना असतील तर एकमेकांना काटकोनात ठेवा आणि प्लॅस्टिकच्या स्ट्रॉमधून चॅसीच्या बाहेर काढा.

मोटरचे ब्रश ठिणग्या टाकतात आणि तो गोंगाट तारांतून रिसीव्हरपर्यंत पोचतो. प्रत्येक मोटरच्या दोन टोकांमध्ये एक १०४ चा कॅपेसिटर, आणि प्रत्येक टोकापासून मोटरच्या धातूच्या अंगाला एकेक, असे तीन सोल्डर करा. मोटरच्या दोन तारा एकमेकींभोवती पिळून घ्या, सिग्नलच्या तारांपासून लांब ठेवा.

शेवटी हलवून बघण्याची चाचणी: रोबो चालू ठेवून, चाकं अधांतरी, प्रत्येक तार प्लॅस्टिकच्या पेनाने हलकेच हलवा. ब्रेडबोर्ड आणि जंपर तारा टेबलावर शिकायला उत्तम, पण धावणाऱ्या रोबोत त्या टिकत नाहीत. स्पर्धेआधी सोल्डर करा.

९. बाइंडिंग, सगळ्यात शेवटी

रिसीव्हरला ५ व्होल्ट मिळताहेत, रिमोट ठीक आहे, आणि तरी त्याचा दिवा लुकलुकतो, तरच नव्याने जोडणी करा. चाकं अधांतरी ठेवा. बाइंड प्लग रिसीव्हरच्या बी/व्हीसीसी जागेत घाला, रिसीव्हरला वीज द्या, दिवा भराभर लुकलुकेल. मग रिमोटचं बाइंड बटण दाबून धरून रिमोट चालू करा. जोडणी झाली की प्लग काढा आणि दोन्ही बंद करून पुन्हा चालू करा. दिवा स्थिर हवा.

जोडणी होतच नसेल तर रिसीव्हरचं मॉडेल वाचा. जुना एफएस-आर६बी एएफएचडीएस पद्धतीचा, आयए६बी एएफएचडीएस-२ए पद्धतीचा. आय६ च्या रिसीव्हर सेटअप मेन्यूत सिग्नल पाठवण्याची ही पद्धत बदलता येते. मित्राचा जुना रिसीव्हर उसना आणला असेल तर बहुधा हेच कारण.

१०. जमिनीवर ठेवण्याआधी

रोबो सुरू झाला. आता फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटल्यावर रोबोने काय करायचं ते. तो सेट केलेला नसेल तर सिग्नल तुटल्यावर काही रिसीव्हर शेवटची आज्ञाच धरून ठेवतात आणि रोबो तसाच धावत सुटतो. आय६ मध्ये रिसीव्हर सेटअपमधून फेलसेफ उघडा, चॅनल निवडून ऑन करा, काठी मधोमध ठेवा, आणि कॅन्सल बटण दाबून धरा. या रिमोटमध्ये साठवण्यासाठी कॅन्सलच दाबून धरावं लागतं. नुसतं टिचकीभर दाबलं तर बदल जातो.

चाकं अधांतरी ठेवून अर्धा वेग द्या आणि चालू रोबोसमोर रिमोट बंद करा. चाकं लगेच थांबली पाहिजेत. थांबली नाहीत, तर आर्डुइनोवाल्यांनी पायरी ७ मधली मोटर थांबवण्याची ओळ तपासावी, ईएससीवाल्यांनी फेलसेफ पुन्हा साठवावा. त्यानंतर रिमोट परत चालू करा, भिंतीला रेटण्याची चाचणी एकदा घ्या, ड्रायव्हरला हात लावून तो किती तापला ते बघा, आणि वहीत शेवटची ओळ लिहा: काय सापडलं, काय बदललं, बॅटरीचे तिन्ही सेल किती.